नऊ चौरस मीटरचा स्टॉल : दुबईच्या व्यापारी प्रदर्शनाची पूर्वतयारी

(प्रार्थनामंदिराच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती वगळली आहे.)



आजचा विषय निव्वळ व्यवहाराचा आहे. आपल्या अनेक घरांत लहान उद्योग उभे राहिले आहेत. कोणी मसाले कुटून पाकिटांत भरते, कोणी कोकमाचे आगळ बाटलीत भरते, कोणी काजू सोलून, भाजून विकते. अशा घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दुबईच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यावा काय, आणि घेतलाच तर तो चालवावा कसा? या प्रश्नाकडे हलक्या मनाने पाहता येत नाही. मोठ्या कंपनीचा स्टॉल फसला तर तिच्या हिशेबात एक ओळ लाल होते. लहान घराचा फसला तर बँकेतील ठेव मोडते, आणि ती ठेव बहुधा मुलीच्या शिक्षणासाठी किंवा गावच्या घराच्या कौलांसाठी राखलेली असते. म्हणून आपण आज उत्साहाच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवू आणि हिशेबाच्या गोष्टी करू.

मुंबई आणि आखात यांचा व्यापार जुना आहे. दुबईच्या खाडीतून गलबते मुंबईस येत. मोती इकडे येत आणि तांदूळ, कापड, मसाले तिकडे जात. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. शेवटची काही वर्षे, म्हणजे १९५९ पासून, भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला वेगळ्या रंगाचा रुपया. पुढे १९७९ साली दुबईत दोन वास्तू उभ्या राहिल्या. एक जेबेल अलीचे बंदर आणि दुसरी वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंच इमारत. त्या इमारतीभोवती प्रदर्शनांची दालने वाढत गेली. 'गल्फूड' हे खाद्यपदार्थांचे प्रदर्शन १९८७ साली तेथे सुरू झाले आणि आज ते जगातील सर्वांत मोठ्या खाद्य प्रदर्शनांत गणले जाते. २०२६ साली तर ते एका जागेत मावले नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एक्स्पो सिटी अशा दोन ठिकाणी भरले. अबू धाबीत ॲडनेक आहे, शारजात एक्स्पो सेंटर आहे, आणि तेथेही वर्षभर काही ना काही भरत असते. मी बोलणार आहे ते मुख्यतः गल्फूडच्या संदर्भात, कारण आपल्या घरांतला माल बहुतेक खाण्याचा आहे.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. व्यापारी प्रदर्शनातील स्टॉल म्हणजे दुकान नव्हे. आपल्याला स्टॉल म्हटला की जत्रा आठवते, बचतगटांचा मेळावा आठवतो, दादरच्या सभागृहातले दिवाळीपूर्व प्रदर्शन आठवते. तेथे पाकिटे मांडावयाची, चव द्यावयाची, पैसे घ्यावयाचे, संध्याकाळी गल्ला मोजावयाचा. दुबईतही असे स्थान आहे, त्याचे नाव ग्लोबल व्हिलेज. हिवाळ्यात कित्येक महिने ती जत्रा चालते आणि तेथे किरकोळ विक्री होते. परंतु गल्फूड ते नव्हे. तेथे प्रवेशच व्यापाऱ्यांना असतो, लहान मुलांना आत सोडत नाहीत, आणि स्टॉलवर पाकीट विकणे हा हेतू नसतो. तेथे येणारा मनुष्य एक पाकीट मागत नाही. तो विचारतो, 'एका कंटेनरमध्ये किती खोके बसतात, आणि जेबेल अलीला पोहोचून दर काय?' या एका प्रश्नाला जो तत्काळ, कागदावर, ठाम आकड्यांत उत्तर देऊ शकतो, त्याचा स्टॉल चालला. बाकी सजावट.

हे उत्तर हॉलमध्ये उभे राहून तयार होत नाही. ते घरी, सहा महिने आधी, वही घेऊन बसल्यावर तयार होते. आपण एक उदाहरण घेऊ. समजा, अलिबाग तालुक्यातील एका घराचा मसाल्यांचा उद्योग आहे. २०० ग्रॅमची पाकिटे, एका खोक्यात ४८. खोक्याचे निव्वळ वजन ९ किलो ६०० ग्रॅम झाले. खोक्याची लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी २५, उंची २०. म्हणजे एका खोक्याने ०.०२ घनमीटर जागा व्यापली. वीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्ष भरता येईल अशी जागा साधारण २६ ते २८ घनमीटर धरतात. म्हणजे सुमारे १,३०० खोके. वजन साडेबारा टनांच्या आसपास, तेही चालते. आता हे १,३०० खोके न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा दर, यास एफओबी म्हणतात, आणि वाहतूक व विमा धरून जेबेल अलीला पोहोचण्याचा दर, यास सीआयएफ म्हणतात, असे दोन्ही दर खोक्यामागे काढून ठेवावयाचे. डॉलरमध्ये काढले तरी पुरे, कारण दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम हा भाव हललेला नाही. तथापि दोन्ही चलनांत आकडे छापावेत. समोरच्याला मनात गुणाकार करावा लागला की तो पुढच्या स्टॉलकडे वळतो.

त्याच वहीत दुसरा हिशेब मांडावा, तो खर्चाचा. जागेचे भाडे चौरस मीटरवर असते. लहान उद्योजकास तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटर, बहुधा पुरते. जागा दोन प्रकारांनी मिळते. एक म्हणजे मोकळी जमीन, जीवर आपला स्टॉल आपण ठेकेदाराकडून बांधून घ्यावयाचा; ते आपले काम नव्हे. दुसरी 'शेल स्कीम', म्हणजे भिंती, गालिचा, नावाची पट्टी, थोडे दिवे, एखादे टेबल व खुर्च्या यांसह तयार स्टॉल. भाड्याखेरीज नोंदणीशुल्क, वीज, जादा फर्निचर, नमुन्यांची वाहतूक, दोन माणसांचा प्रवास, आणि राहणे. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात. पुष्कळजण स्वस्त म्हणून शारजात उतरतात आणि रोज सकाळी शारजा–दुबई रस्त्यावरच्या कोंडीत बसून राहतात. त्यापेक्षा देरा किंवा बर दुबईत मेट्रोजवळ लहान खोली घ्यावी. रेड लाइनवर वर्ल्ड ट्रेड सेंटर नावाचेच स्थानक आहे. परंतु आपला हॉल कोणत्या जागेत आहे हे पाहूनच खोली ठरवावी, कारण एक्स्पो सिटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

समजा, सर्व धरून सहा लाख रुपये खर्च आला. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, आपला आपण काढावा. आणि समजा, एका खोक्यामागे आपल्या हाती निव्वळ दीडशे रुपये राहतात. तर सहा लाख भरून निघण्यास चार हजार खोके गेले पाहिजेत, म्हणजे तीन कंटेनर भरून वर शंभर खोके. आता स्वतःस विचारावे. एका वर्षात तीन कंटेनर माल करण्याची आपल्या घरची ताकद आहे काय? गिरणी तेवढी आहे काय? मिरची वेळेवर मिळेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर त्या वर्षी स्टॉल घेऊ नये. पास काढून नुसते पाहण्यास जावे. चार दिवस हॉल पायांखाली घालावेत, दर विचारावेत, पाकिटे पाहावीत. याची लाज वाटण्याचे कारण नाही. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी प्रत्येकाने हेच करावे.

आणखी एक मार्ग मधला आहे. भारत सरकारच्या 'अपेडा' या संस्थेमार्फत गल्फूडमध्ये भारताचे दालन असते. मसाल्यांसाठी स्पायसेस बोर्ड आहे. अशा दालनात जागा मिळाली तर भाड्याचा भार हलका होतो, आणि वाणिज्य मंत्रालयाच्या बाजारपेठविषयक योजनांतून लहान उद्योगांना साहाय्य मिळत आले आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या दर वर्षी नव्याने वाचाव्यात. अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो, आणि त्यासाठी कागद तयार हवेत. आयात-निर्यात कोड, अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, आणि अपेडाची किंवा स्पायसेस बोर्डाची नोंदणी, एवढे नसेल तर पुढचे बोलूच नये. भारताच्या दालनात एक गैरसोयही आहे, ती सांगितली पाहिजे. तेथे आपल्या डावीकडे मसालेवाला, उजवीकडे मसालेवाला आणि समोरही मसालेवाला. तेव्हा 'आमचा मसाला शुद्ध आहे' हे वाक्य तेथे निरुपयोगी होय. ते चौघेही म्हणत असतात.

मग आपले वेगळेपण काय? येथे आपल्या कोकणाकडे काही शिलकीत आहे. हापूसला भौगोलिक मानांकन आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आहे, आणि आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही आहे. मानांकन हा नुसता मानाचा कागद नव्हे. खरेदीदार विचारतो, 'हे दुसरीकडून स्वस्तात का घेऊ नये?' त्याला हे उत्तर आहे. अर्थात मानांकनाचे नाव छापावयाचे तर त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते व्हावे लागते, हे विसरू नये.

कोकमाची गोष्ट जराशी सविस्तर सांगतो, कारण ती उपयोगी आहे. हॉलमध्ये कोकम कोणास ठाऊक नसते. इंग्रजीत सांगा, वनस्पतिशास्त्रातले नाव सांगा, समोरचा मान हलवतो आणि निघून जातो. पण इजिप्त किंवा सुदानचा मनुष्य असेल तर त्याला 'करकदे' ठाऊक असतो, जास्वंदीच्या जातीच्या फुलाचे ते आंबट लाल सरबत. त्याला म्हणावे, 'करकदेसारखा रंग, पण हे फळ आहे, आणि जेवणानंतर पितात.' त्याचे डोळे लगेच बदलतात. ज्या देशाचा मनुष्य येईल त्याच्या स्वयंपाकघरातून आपल्या वस्तूपर्यंत एक पायवाट काढून ठेवावी, आणि ती घरी बसूनच शोधून ठेवावी. हॉलमध्ये कोण येते? अमिराती थोडे. केरळचे पुष्कळ, कारण तेथील सुपरमार्केटांची खरेदी बहुतांशी त्यांच्या हाती आहे. लुलू समूहाचे नाव आपण ऐकलेच असेल. सिंधी व्यापारी, ज्यांच्या पिढ्या तेथे गेल्या. इराणी, केनियाचे, सुदानचे, इजिप्तचे खरेदीदार, कारण दुबईत उतरलेला पुष्कळ माल तेथे राहत नाही, पुढे जातो. आणि मराठी माणूसही आहे. धनंजय दातार यांच्या वडिलांनी १९८४ साली दुबईत एक लहान किराणा दुकान काढले, त्यातून 'अल आदिल'ची दुकाने उभी राहिली. आज गोडा मसाला नि थालीपिठाची भाजणी तेथे शेल्फवर मिळते. यातले व्यावहारिक तात्पर्य एवढेच की मराठी गिऱ्हाइकाला लागणारी वस्तू तेथे पूर्वीच पोहोचली आहे. आपण गेल्यावर प्रश्न येईल तो दराचा आणि सातत्याचा.

आता ज्या गोष्टीने लहान व्यापारी खरोखर अडचणीत येतो, तिच्याकडे वळतो. ती गोष्ट खसखस.

आपल्या कित्येक घरगुती मसाल्यांत खसखस असते. कांदा-लसूण मसाल्यात असते, काही घरांच्या गोड्या मसाल्यात असते. अमिरातींत खसखस निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. तेथील अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत, आणि 'आमच्याकडे ही वाण्याच्या दुकानात मिळते' हे म्हणणे विमानतळावर उपयोगी पडत नाही. नमुन्यांत नको, सामानात नको, आत्याबाईंनी प्रेमाने दिलेल्या अनारशांवर सुद्धा नको. त्या बाजारासाठीचा मसाला खसखशीविना वेगळा करावा, वेगळ्या भांड्यांत कुटावा, आणि पाकिटावरील घटकांची यादी त्याप्रमाणे बदलावी. पानसुपारी, गुटखा, पानमसाला हेही घरीच ठेवावे. मांसाचा अंश असलेल्या पदार्थास हलाल प्रमाणपत्र लागते. आपले कोशेर प्रमाणपत्र असले तरी ते त्याच्या जागी चालत नाही.

पाकिटाविषयी. तेथे विकावयाच्या बंद पाकिटावर अरबी मजकूर लागतो. नाव, घटक, निव्वळ वजन, मूळ देश, साठवण. अरबी स्टिकर पुष्कळ वेळा चालतो, परंतु तयार केल्याची व मुदत संपल्याची तारीख पाकिटावर मूळचीच छापलेली असावी, वरून चिकटवलेली नको. अरबी मजकूर कोणा ओळखीच्याकडून करून घेऊ नये. जाणकार अनुवादकाकडून करावा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. प्रदर्शनात दाखवावयाच्या नमुन्यांना सवलती असतात, परंतु त्या आयोजकांनी नेमलेल्या वाहतूकदारामार्फत गेल्यास सुलभ होतात. प्रत्येक नमुन्याची यादी, वजन, आणि किंमत लागते. फुकटचा नमुना म्हणून किंमत शून्य लिहिणारे लोक आहेत. सीमाशुल्क खात्याला शून्य मान्य नसते. परत आणावयाच्या वस्तू असतील, जसे एखादे यंत्र किंवा दागिने, तर एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज काढता येतो. भारतात तो फिक्कीकडून मिळतो. खाऊन संपणाऱ्या वस्तूंना तो लागू नाही.

करांविषयी थोडक्यात. आखाती देशांचे सामान्य आयातशुल्क पाच टक्के आहे, आणि अमिरातींत १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे. भारत व अमिराती यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला. पात्र मालाला त्यामुळे शुल्कात सवलत मिळते, मात्र त्यासाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र हवे. आपला माल पात्र आहे काय, हे त्याच्या एचएस कोडवरून कळते. तो कोड दरपत्रकावर छापावा. खरेदीदार तो पाहतो आणि समजतो की हा मनुष्य पूर्वी बंदरापर्यंत गेलेला आहे.

आता प्रत्यक्ष स्टॉल. नऊ चौरस मीटर ही जागा आपल्या चाळीतल्या बाहेरच्या खोलीएवढी. तिच्यात टेबल पुढे आडवे लावले की ती खिडकी होते. लोक खिडकीत येत नाहीत. टेबल बाजूच्या भिंतीला लावावे, पुढचा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे माणूस दोन पावले आत येतो, आणि आत आलेला माणूस बोलतो. मागच्या भिंतीवर दूरून वाचता येईल असे तीन-चार शब्द. काय करता आणि कोठून आलात, एवढेच. आजोबांचा फोटो, कुलवृत्तान्त, मिळालेल्या ढाली, हे सर्व घरी शोभते.

वीज २३० व्होल्टची, प्लग इंग्रजी पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा. दोन अडॅप्टर जवळ ठेवावेत. जादा वीज लागत असेल, शीतकपाट रात्रभर चालू ठेवावयाचे असेल, तर आधी नोंदवावे, कारण ऐनवेळी दर वाढतो. गॅसची शेगडी आत नेता येत नाही. चव द्यावयाची तर सकाळी करून ठेवता येईल असेच द्यावे. सोलकढी उत्तम, पण नारळाचे दूध त्या दिव्यांखाली दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून थोडी थोडी काढावी. हातमोजे असावेत, आणि तीळ, शेंगदाणे, काजू यांपैकी काय आहे ते ठळक लिहावे.

माणसे दोन हवीत. एक बोलणारा, एक लिहिणारा. स्टॉलवर बसू नये, जेवू नये, आणि फोनमध्ये डोके घालू नये. हे नियम कठोर वाटतील, पण रिकाम्या स्टॉलपेक्षा जेवणारा स्टॉल अधिक वाईट दिसतो. माझा आग्रह असा की दोहोंपैकी एक व्यक्ती प्रत्यक्ष माल करणारी असावी. पुष्कळदा बाई मसाला करतात आणि दुबईला भाऊ किंवा यजमान जातात. मग खरेदीदार विचारतो की मिरची कोणती, भाजता किती वेळ, आणि यजमान घरी फोन लावतात. त्यापेक्षा बाईंनीच जावे.

कोणी अमिराती गृहस्थ आले तर सलाम करावा, घाई करू नये. वस्तू किंवा कार्ड उजव्या हाताने द्यावे. स्त्री असेल तर तिने हात पुढे केल्याशिवाय आपण हात पुढे करू नये. छातीवर हात ठेवून अभिवादन पुरते. त्यांच्याकडे गेलो आणि कहवा आला तर घ्यावा. पुरे झाल्यावर पेला किंचित हलवून परत द्यावा, नाहीतर तो भरतच राहतो. हिंदी तेथे सर्रास चालते. इंग्रजी कच्चे म्हणून कोणी मागे राहू नये. आकडे पक्के असले म्हणजे झाले.

प्रत्येक भेटीनंतर लगेच लिहावे. कार्ड गोळा करणे म्हणजे काम नव्हे. रात्री खोलीवर बसल्यावर साठ कार्डांतून कोण काय बोलला ते आठवत नाही. कार्डाच्या मागे चार गोष्टी लिहाव्यात. काय हवे, किती, केव्हा, आणि मी त्यास काय पाठवण्याचे कबूल केले. शेवटची बाब सर्वांत मोलाची, कारण ती कर्ज आहे.

शुक्रवारविषयी निराळे सांगतो, आपल्यापुरते. २०२२ पासून अमिरातींत शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवार अर्धा दिवस झाला. शारजात मात्र शुक्रवारपासूनच सुटी. गल्फूड अलीकडची वर्षे सोमवार ते शुक्रवार भरते. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी हॉल ओस पडतो, मग शेवटचे काही तास, आणि लगेच मोडतोड सुरू. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे शब्बाथ लागतो तेव्हा हॉलमध्ये खोके बांधणे ऐन भरात असते. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत ते शनिवारी घाणा बंद असे म्हणून. त्यांना निदान घाणा उचलून न्यावा लागत नसे. आपण उरलेले नमुने, फर्निचर, परत जाणाऱ्या वस्तू यांची व्यवस्था गुरुवारीच वाहतूकदाराशी लेखी ठरवून टाकावी आणि शुक्रवारी दुपारी हातात कार्डांची पिशवी घेऊन निघावे. नियमाप्रमाणे प्रदर्शन संपण्यापूर्वी स्टॉल मोडता येत नाही. पण एक माणूस थांबवण्यास हरकत नसते.

आता फसवणुकीचे प्रकार, कारण लहान माणसाला ते आधी गाठतात. आपले नाव प्रदर्शकांच्या यादीत छापून आले की पत्रे येऊ लागतात. 'येणाऱ्या खरेदीदारांची यादी विकत घ्या', 'हॉटेल आमच्याकडूनच आरक्षित करा', 'निर्देशिकेत आपला तपशील दुरुस्त करून सही करून पाठवा.' या शेवटच्या सहीखाली बारीक अक्षरांत वर्षानुवर्षांचे शुल्क असते. आयोजकांच्या अधिकृत पत्त्यावर विचारल्याशिवाय कोठेही सही करू नये. दुसरा प्रकार स्टॉलवरच येतो. सुटाबुटातील गृहस्थ, मोठी मागणी, भाव न करता होकार, आणि नव्वद दिवसांची उधारी. जो भाव करत नाही त्याला पैसे द्यावयाचे नसतात, ही माझी समजूत आहे आणि ती अद्याप खोटी ठरलेली नाही. ट्रेड लायसन्सची प्रत मागावी, व्हॅटचा नोंदणी क्रमांक मागावा. खरा व्यापारी रागावत नाही. पहिल्या व्यवहारात काही रक्कम आगाऊ आणि उर्वरित कागदपत्रे बँकेत पोहोचल्यावर, किंवा पतपत्र. निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून आहे, तिच्याकडून खरेदीदाराविषयी चौकशीही होते.

आणखी एक सापळा सन्मानाच्या रूपात येतो. 'संपूर्ण अमिरातींसाठी आम्हालाच एकमेव एजन्सी द्या.' ऐकणाऱ्यास धन्य वाटते. पण तेथील १९८१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या एजंटाला दूर करणे फार कठीण असे. २०२२ साली नवा कायदा होऊन ते काहीसे शिथिल झाले, तरी हॉलमध्ये उभे राहून, वकिलाला न दाखवता, असे काही लिहून देऊ नये. एक मोठे दुकान, एक शहर, एक वर्ष, इतपत पुरे. आणि आपल्या नावाचा ट्रेडमार्क स्टॉल लावण्यापूर्वी तेथे नोंदवून घ्यावा. माद्रिद करारात भारत २०१३ पासून आहे आणि अमिराती डिसेंबर २०२१ पासून, त्यामुळे हा अर्ज येथूनच करता येतो.

परत आल्यावर काय? मालाचे अर्धे मूल्य येथे ठरते, आणि बहुतेक घरे येथे दमलेली असतात. प्रवासाचा शीण, राहून गेलेली कामे, नातेवाइकांना दुबईच्या गोष्टी. आठवडा जातो, दुसरा जातो. तिकडे त्या खरेदीदाराच्या टेबलावर चाळीस दरपत्रके पडलेली असतात आणि तो त्यांतल्या ज्यांचा निरोप आला त्यांच्याशीच बोलतो. म्हणून विमानात बसण्यापूर्वीच पहिला छोटा निरोप गेला पाहिजे. 'आपण अमुक विचारलेत, त्याचे उत्तर सोबत आहे.' व्हॉट्सॲपवर मजकूर जातो. परंतु अमिरातींत त्यावरून फोनची घंटा वाजत नाही, तेथे इंटरनेटवरच्या अशा कॉलवर निर्बंध आहेत. तीन वेळा फोन लावला, त्याने घेतला नाही, म्हणून रुसू नये. त्याला तो गेलाच नाही.

कबूल केलेले नमुने आठवड्याच्या आत रवाना व्हावेत, आणि ते स्टॉलवर दिलेल्या मालासारखेच असावेत. तोच घाट, तीच तिखटाई. रमजानची खरेदी काही महिने आधी होते, तेव्हा चालू वर्षाचा हंगाम हुकला असेल तर पुढच्या हंगामाची तारीख विचारून वहीत मांडून ठेवावी. काहींची मागणी पहिल्या वर्षी येतच नाही. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा त्याच हॉलमध्ये येतो, तुम्ही आहात काय ते पाहतो, आणि मग बोलतो. म्हणूनच खर्चाचा हिशेब मांडताना एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा मांडावा, आणि दोन वर्षांची ऐपत नसेल तर अपेडाच्या किंवा स्पायसेस बोर्डाच्या कार्यालयात जाऊन आपल्या देशात होणाऱ्या खरेदीदार-विक्रेता मेळाव्यांची चौकशी करावी. तेथे दुबईचेच खरेदीदार येतात, आणि आपल्याला लोकलच्या तिकिटाएवढा खर्च येतो.

आता आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. खसखशीविषयी आणखी कोणी विचारणार असेल, तर पाकीट सोबत आणले असल्यास दाखवावे, घटकांची यादी आपण एकत्रच वाचू.